यारी क्रमांक चारच्या रिकाम्या हालचाली

प्रति,
मा. यांत्रिक अधीक्षक,
यंत्रसामग्री विभाग, दुसरा मजला,
गोदी कार्यालय.

अर्जदार: यारीचालक, यारी क्र. ४, जुना धक्का.
(सेवा एकतीस वर्षे. अवलंबून व्यक्ती: निरंक.)

विषय: यारी क्र. ४ ने दररोज सायंकाळी केलेल्या विनाभार हालचालींचा खुलासा, व सदर यारी मोडीत काढण्याचे काम सतरा दिवस पुढे ढकलण्याबाबत विनंती.

संदर्भ:
१) आपली कारणे दाखवा नोटीस, दि. ५ फेब्रुवारी.
२) साठा पडताळणी पथकाचे पत्र, गतवर्षीचे (एकसष्ट याऱ्या गहाळ असल्याबाबत).
३) कर्मचारी कल्याण कक्षाचे पत्र, दि. ११ डिसेंबर (चुकून आलेले, परंतु सही-शिक्क्यासह आलेले).
४) यारी चालन नियमावली, नियम ७.

महोदय,

आपली नोटीस मला दि. ५ रोजी दुपारी पोचली. शिपायाने शिडीकडे एकदा पाहून हात वर केले, म्हणून मी डबा ओढून घ्यायची दोरी खाली सोडली आणि नोटीस जेवणाच्या पिशवीतून वर आली. पोच म्हणून सही करून पिशवी खाली पाठवली आहे. नोटिशीत सात दिवसांत खुलासा मागितला आहे. अर्ज लिहिण्यात मी कच्चा आहे. एकतीस वर्षांत मोजून तीन अर्ज केले, त्यातला एक रजेचा होता आणि ती रजा मिळाली नाही. सबब हा अर्ज लांबला तर क्षमा असावी. रोज थोडाथोडा लिहीत आहे. मध्येच वाचणे सोडू नये, एवढी पहिली विनंती.

१. नोटिशीत विचारले आहे की, दि. १० नोव्हेंबर ते ४ फेब्रुवारी या काळात, रविवार वगळून, दररोज सायंकाळी पाच चाळीस ते पाच पंचावन्न या वेळेत यारी क्र. ४ चा हूक काही वेळा वर-खाली झाला व बूम, म्हणजे यारीचा लांब हात, काही वेळा डावीकडे-उजवीकडे फिरली. या सर्व हालचाली केबिनमध्ये नव्याने बसवलेल्या यंत्राने टिपल्या आहेत. त्या काळात जुन्या धक्क्याला एकही जहाज लागलेले नाही. तरी मी नेमके काय उचलत होतो, याचा खुलासा करावा.

खुलासा: काहीच उचलत नव्हतो.

२. नोटिशीत पुढे असे आहे की, पाळीच्या नोंदवहीत शेऱ्याच्या रकान्यात त्या प्रत्येक दिवशी माझ्या अक्षरात 'क्रौंच: शून्य' असे लिहिलेले आहे, आणि तरीही हूक त्याच दिवशी चार वेळा वर-खाली व बूम तीन वेळा डावी-उजवी झालेली आहे. वही शून्य म्हणते, यारी त्रेचाळीस म्हणते (त्रेचाळीस कसे, ते मुद्दा क्र. ५ मध्ये येईल). दोघांपैकी खरे कोण, असा आपला प्रश्न आहे. प्रश्न बरोबर आहे. मी स्वतःला तो तीन महिने विचारत आहे. वही खरी आहे.

३. आता 'क्रौंच' म्हणजे काय ते सांगणे भाग आहे, कारण त्या शब्दाने या कार्यालयाला यापूर्वी एकदा त्रास झालेला आहे. धक्क्यामागच्या पाणथळीत दर वर्षी नोव्हेंबरात लांब मानेचे, राखी रंगाचे पक्षी येतात आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात उत्तरेकडे परत जातात. मी त्यांना करकोचे म्हणत असे. ज्यांचा उल्लेख पुढे येईल त्या ताई शाळेत शिक्षिका होत्या. त्यांनी सांगितले की, उंच पाय दिसले की लोक सरसकट करकोचा म्हणतात, यांना क्रौंच म्हणावे आणि लिहिताना औकाराची दुसरी मात्रा विसरू नये. तेव्हापासून मी रोजची संख्या नोंदवहीत 'क्रौंच' अशी शुद्ध लिहू लागलो. शुद्ध भाषा अशी महागात पडते हे मला माहीत नव्हते.

त्याच सुमारास परिपत्रक आले की 'क्रेन' हा शब्द कागदोपत्री वापरू नये, 'यारी' वापरावा. आम्ही सगळे क्रेन ऑपरेटर होतो ते एका सकाळी यारीचालक झालो. पाटीवाल्याने पाटी रंगवली तेव्हा धक्क्यावरचे लोक वर बघून विचारत, कोणाशी यारी केलीस रे बाबा इतक्या उंचावर? मी हात हलवून सोडून देई. पण मुख्य कार्यालयात जुन्या नोंदवह्या टंकलिखित करताना कोणा टंकलेखकाला वाटले की 'क्रौंच' म्हणजे चालकाने चुकीचा लिहिलेला 'क्रेन'. त्याने आधी चूक सुधारली आणि मग परिपत्रकाप्रमाणे बदलली. त्यामुळे फेब्रुवारीअखेर माझ्या ताब्यात एकसष्ट याऱ्या आणि मार्चअखेर शून्य याऱ्या अशी नोंद झाली. साठा पडताळणी पथकाने एकसष्ट याऱ्या कोठे गेल्या, अशी लेखी विचारणा केली (संदर्भ २). मी लेखी उत्तर दिले की, त्या उत्तरेकडे गेल्या असून नोव्हेंबरात परत येतील. त्यावर पथकाने 'परत आल्यावर कळवावे' असा शेरा मारून प्रकरण प्रलंबित ठेवले. ते आजही प्रलंबित आहे. पथकाला कळवायचे राहून गेले, ते आपल्यामार्फत कळवतो: यंदा आल्या नाहीत.

४. येथे दुसऱ्या एका माणसाविषयी सांगणे आवश्यक आहे. यारी क्र. ४ वर एकोणीस वर्षे जो सिग्नलवाला होता, त्याला धक्क्यावर सगळे 'खालचा' म्हणत व मला 'वरचा'. यावरून थट्टाही होई. पगार उशिरा झाला की लोक म्हणत, वरच्याची मर्जी. खालचा धक्क्यावर पांढरे हातमोजे घालून उभा राही आणि मी त्याच्या हाताप्रमाणे यारी चालवी. बोट गोल फिरवले की उचल. तळहात खाली दाबला की उतरव. आडवा हात केला की थांब. माल उतरून हूक सुटला की तो मूठ उघडून बोटे खाली झटकी, जणू ओंजळीतले पाणी सांडतो आहे. म्हणजे हूक रिकामा. मग पुन्हा बोट गोल. म्हणजे रिकामा हूक उचल आणि पुढच्या खेपेला चल. दिवसाला दोनशे वेळा आमचे हेच बोलणे होई.

जमिनीवर मात्र आम्हाला बोलायला जमत नसे. दुपारी एका बाकावर बसून आम्ही चहा घेत असू आणि कप ठेवून उठत असू. तो हवेचे काहीतरी बोले, मी हो म्हणे. एकोणीस वर्षांत मी त्याच्याशी तोंडाने जे बोललो ते एका पानावर मावेल. तरीही मला कधी असे वाटले नाही की आपण कमी बोललो. पाळी संपल्यावर मी घरी जाई. केबिनमध्ये एका माणसापुरतीच जागा आहे. पत्नीला जाऊन अकरा वर्षे झाली, मुलगी लग्न होऊन दूर आहे व सुखात आहे, त्यामुळे घरीही तसेच, फक्त जागा जास्त.

५. पक्ष्यांची मोजणी सुरू झाली ती चुकीतून. पाणथळ मालगोदामाच्या मागे आहे, धक्क्यावरून दिसत नाही, केबिनमधून दिसते. पहिल्या वर्षी थवा उतरताना पाहिला आणि मला राहवले नाही. मी खिडकीतून दोन्ही हात बाहेर काढून त्याला तिकडे दाखवू लागलो. चालकाने कधी हातवारे करायचे नसतात. वरून खाली सांगायला आमच्याकडे खूणच नाही, खुणा सगळ्या खालून वर येतात. खालच्याला वाटले आग लागली. त्याने धक्का रिकामा केला, घंटा वाजवली, पंप आणवला आणि अर्धा तास काम बंद राहिले. चौकशीत त्याने सांगितले की साखळीत आवाज आला म्हणून खबरदारी घेतली. माझे नाव घेतले नाही. त्याला लेखी समज मिळाली. ती त्याच्या सेवापुस्तकात असेल.

दुसऱ्या दिवशी त्याने मला बाकावर एवढेच विचारले की, काय होतं तिकडे? मी सांगितले, पक्षी. तो म्हणाला, किती? मला सांगता आले नाही, कारण मोजले नव्हते. त्याने माझ्याकडे असे पाहिले की सांगता सोय नाही. तेव्हापासून मी मोजतो. जितके दहा तितक्या वेळा हूक वर-खाली, वरचे जितके सुटे तितक्या वेळा बूम डावी-उजवी, ही पद्धत त्याने बसवली. पाळी संपायच्या आधी, जहाज नसेल तेव्हा. तो संख्या घेऊन हात कपाळाला लावी, म्हणजे पोचली. मार्चमध्ये थवा गेला की मी हूक शेवटापर्यंत वर घेऊन बूम उत्तरेकडे वळवी आणि तो तळहात दाखवीपर्यंत तशीच धरी. त्यानंतर नोव्हेंबरापर्यंत त्या वेळी आम्ही काहीच बोलत नसू. सदर हालचालींत वीज खर्च झाली हे मान्य आहे.

६. चार वर्षांपूर्वी वॉकीटॉकी आले व सिग्नलवाल्याचे काम उरले नाही. आता कानात आवाज येतो. दर आठवड्याला आवाज वेगळा. तो उचला म्हणतो, उतरवा म्हणतो, ओव्हर म्हणतो. मी एकदा त्या आवाजाला सांगितले की पाणथळीत आज अठ्ठावन्न आहेत. तो म्हणाला, कृपया चॅनल मोकळा ठेवा. खालच्याला गोदामात वह्या चिकटवण्याच्या कामाला लावले. तरीही पाच चाळीसला तो गोदामाच्या दारात येऊन उभा राही. हातमोजे खिशातून काढून घाली.

चौदा महिन्यांपूर्वी त्याला पक्षाघात झाला. उजवे अंग गेले, वाचा गेली. तो आता कुंपणाच्या भिंतीपलीकडे, रस्त्याच्या त्या बाजूच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर थोरल्या बहिणीकडे असतो. त्याच या ताई. त्याच्या खाटेसमोरच्या खिडकीतून मालगोदामाचे छप्पर दिसते आणि त्यावर यारी क्र. ४ पूर्ण दिसते. पाणथळ दिसत नाही. मागच्या हिवाळ्यात ताईंनी त्याच्या डाव्या हातात मोजा चढवला आणि त्याने खिडकीतून 'पोचली' अशी खूण केली. डाव्या हाताने केलेली खूण मला आधी उलटी वाटली. आता सवय झाली आहे. ताईंनी मला सांगितले, "भाऊ, तो हूक हलल्याशिवाय घास घेत नाही. तुम्ही काय सांगता कोण जाणे, पण वेळेवर सांगत जा."

मी रविवारी त्याच्याकडे जातो. खुर्ची खाटेजवळ ओढून बसतो. जमिनीवरचे आमचे तसेच आहे, आता तर तोही हवेचे बोलत नाही. मी समोर बसलेला असतो आणि तो माझ्या खांद्यावरून मागे बघत असतो. मी वळून पाहिले तर खिडकीत यारी. रविवारी ती बंद असते हे त्याला माहीत आहे. तरीही मी समोर असताना तो तिथल्या रिकाम्या केबिनकडे बघत बसतो. पहिल्यांदा मला याचे वाईट वाटले. नंतर माझ्या लक्षात आले की त्याला मी तिथे सापडतो, इथे नाही.

७. आता मूळ मुद्दा. यंदा नोव्हेंबरात पक्षी आले नाहीत. दहा तारखेपर्यंत वाट पाहिली. पाणथळ आता फार थोडी राहिली आहे. गतवर्षी एप्रिल ते ऑगस्ट ती भरून काढण्याचे काम झाले, पलीकडे नवा धक्का व्हायचा आहे. दगड जहाजाने आले. ते जहाजातून उचलून गाड्यांत उतरवण्याचे काम यारी क्र. ४ ने केले, म्हणजे मी केले. रोज नव्वद खेपा. आवाज उतरवा म्हणाला आणि मी उतरवले. गाड्या कुठे जातात हे मला वरून स्वच्छ दिसत होते. आदेश होता, त्यामुळे माझ्यावर ठपका येत नाही हे मला ठाऊक आहे. पण धक्क्यावर बाकी कोणालाच ते दिसत नव्हते आणि मला दिसत होते, एवढे म्हणतो. हे कोणाला सांगितलेले नाही. खालच्यालाही नाही.

दहा तारखेला पाच चाळीस झाले. खिडकीत ताईंनी त्याची पाठ उशीला टेकवून बसवले होते. पांढरा मोजा दिसत होता. मी शून्य सांगायला हवे होते. शून्याची आमच्याकडे खूण नाही, शून्य म्हणजे यारी हलत नाही. मी दहा मिनिटे तशीच धरली. मोजा तसाच होता. मग माझा हात दांड्याकडे गेला आणि हूक चार वेळा वर-खाली झाला, बूम तीन वेळा फिरली. त्रेचाळीस. त्याने हात कपाळाला लावला. दुसऱ्या दिवशी चव्वेचाळीस सांगितले असते तर थवा वाढतो आहे असे वाटून त्याची आशा वाढली असती, म्हणून त्रेचाळीसवरच राहिलो. असे तीन महिने चालले. नोंदवहीत मी खोटे लिहिलेले नाही. यारीने मात्र रोज खोटे सांगितले, आणि ते आपल्या यंत्राने बरोबर पकडले.

८. डिसेंबरात नोटीस लागली की यारी क्र. ४ दि. २० फेब्रुवारीला मोडीत काढणार. पक्षी दर वर्षी ३ ते ९ मार्चच्या दरम्यान जातात. ते जाण्याआधीच यारी गेली तर त्रेचाळीस पक्षी त्या पाणथळीत कायमचे राहतील, म्हणजे खालच्याच्या हिशेबी राहतील, आणि पुढच्या नोव्हेंबरात कोणी सांगायला नसेल. मी सुरुवात केली आहे तर शेवटही मलाच करायला हवा. जे आलेच नाहीत त्यांना रीतसर परत पाठवायचे आहे. ९ मार्चला हूक शेवटापर्यंत घेऊन बूम उत्तरेकडे वळवायची, तो तळहात दाखवीपर्यंत धरायची, आणि मग खुशाल गॅसकटर लावावा. त्यासाठी मी 'यारी क्र. ४ कायम ठेवणेबाबत' असा अर्ज केला होता. आवक कक्षातून तो चुकून कर्मचारी कल्याण कक्षाकडे गेला. त्यांचे उत्तर आले (संदर्भ ३), ते जसेच्या तसे देतो: 'आपली व क्रमांक चार यांची यारी ही सर्वस्वी खाजगी बाब असून ती कायम ठेवण्यास या कक्षाची हरकत नाही. मात्र कार्यालयीन वेळेत तिचे प्रदर्शन टाळावे.'

मी हे पत्र आपल्या विभागातील लिपिक साहेबांना दाखवले. ते इतके हसले की शेजारच्या टेबलावरचे लोक उठून आले. पत्र हातोहात फिरले. नंतर त्यांनी ते मला परत देऊन सांगितले की याचा काही उपयोग नाही. मी हात हलवत परत आलो. तरी सही आहे, शिक्का आहे, जावक क्रमांक आहे. या कार्यालयाच्या एका कक्षाने हरकत नाही असे लेखी कळवलेले असताना दुसऱ्या कक्षाने यारी मोडावी हे योग्य नाही, असे माझे नम्र म्हणणे आहे.

९. येथपर्यंतचा अर्ज मी दि. ५ रोजी दुपारी मनात जुळवला होता आणि ६ व ७ तारखेला लिहिला. पण दि. ५ च्या सायंकाळी जे झाले आणि ८ तारखेला त्याचा जो अर्थ कळला त्यामुळे वरील कारण क्र. ८ उरलेले नाही. खोडून टाकणार होतो, पण खाडाखोड झालेला अर्ज स्वीकारत नाहीत असे काउंटरवर लिहिले आहे. म्हणून पुढे लिहितो.

दि. ५ रोजी नोटीस मिळाल्यावर मी घाबरलो. सायंकाळी पाच चाळीस झाले तेव्हा मी हात मांडीवर ठेवून बसलो. यंत्राचा लाल दिवा माझ्याकडे बघत होता. पंचेचाळीस झाले, पन्नास झाले. खिडकीत मोजा दिसत होता. बावन्नला ताईंनी खोलीतला दिवा लावला, आणि मोजा वर आला. गेल्या चौदा महिन्यांत त्या हाताने मला 'पोचली' आणि मार्चातला एक तळहात याखेरीज काही म्हटले नव्हते. त्या सायंकाळी त्याने मूठ धरली, उघडली आणि बोटे खाली झटकली. हूक रिकामा. मला वाटले डावा हात आहे, मीच उलटे वाचतो आहे. त्याने पुन्हा केले, सावकाश, नव्या चालकाला शिकवतात तसे. हूक रिकामा. मग बोट गोल फिरवले. उचल.

मी उचलला. मोजण्याकडे लक्ष नव्हते, त्यामुळे त्या दिवशीची संख्या यंत्रात पाच आणि दोन अशी दिसेल. ती मोजणीतली चूक समजावी.

१०. दि. ८ रोजी, रविवारी, मी त्याच्याकडे गेलो. तो झोपला होता. ताईंनी चहा दिला. मी त्यांना विचारले की त्याला कधी कळले. त्या भाजी निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. त्या म्हणाल्या, "पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे त्याला. दर वर्षी ते या घरावरून ओरडत जातात, रात्रभर झोप लागत नाही. यंदा आवाजच आला नाही. रोज तुमचं झालं की माझ्याकडे बघून मूठ झटकतो आणि हसतो."

मी विचारले, मग हात कपाळाला का लावतो. ताईंनी भाजीचा हात पुसला आणि त्याची खूण करून दाखवली. एक बोट वर, छताकडे, म्हणजे मी. मग तेच एक बोट समोर धरले. एकटा. आणि मग त्या म्हणाल्या, "तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून गप्प होता."

वाचा गेलेल्या माणसाविषयी त्या हे बोलल्या, आणि त्यात त्यांना काही वावगे वाटले नाही. मलाही वाटले नाही. मी चहा तसाच ठेवून उठलो, शिडीने उतरल्यासारखा तीन मजले उतरलो, आणि रस्त्यावर बराच वेळ उभा राहिलो. तीन महिने मी समजत होतो की मी त्याला सांभाळतो आहे. मला एकटे वाटते, साहेब. हे कोणत्या रकान्यात लिहायचे ते माहीत नसल्यामुळे येथे लिहिले आहे.

११. सबब, पक्षी आले नाहीत हे आता दोघांनाही ठाऊक आहे, लपवण्यासारखे काही राहिलेले नाही, आणि विनंतीचे कारण संपले असे आपण म्हणाल. परंतु नियम ७ पाहावा. 'थांबण्याचा इशारा कोणीही देऊ शकेल व चालकाने तो तात्काळ पाळावा. यारी हलवण्याचा इशारा मात्र नेमून दिलेल्या सिग्नलवाल्याचाच ग्राह्य धरावा.' आपण थांबण्याचा इशारा दिला, तो आपला अधिकार आहे. परंतु त्यानंतर माझ्या सिग्नलवाल्याने उचल म्हटले. वॉकीटॉकी आल्यावर त्याला दुसरे काम दिले, पण यारी क्र. ४ वरून कार्यमुक्त केल्याचा लेखी आदेश त्याला कधीही मिळालेला नाही. हातमोजेही परत मागवले गेले नाहीत. तो अद्याप नेमणुकीवर आहे. त्याने समोरून उचल म्हटले असताना न उचलणे हा माझ्याकडून नियमभंग होईल, आणि एकतीस वर्षांत मी तो केलेला नाही.

तरी विनंती की,

(अ) यारी क्र. ४ दि. ९ मार्चपर्यंत उभी राहू द्यावी. रोज पंधरा मिनिटांच्या विजेचा खर्च माझ्या पगारातून वळता करून घ्यावा. संख्या मी यापुढे शून्य सांगेन. शून्याची खूण आम्हाला बसवावी लागेल, ती तो बसवील.

(आ) संदर्भ ३ चे पत्र चुकीने दिले गेले असले तरी मागे घेऊ नये. या कार्यालयाकडून मला आलेल्या पत्रांत तेवढेच एक बरोबर आहे.

(इ) यापैकी काहीच शक्य नसल्यास, दि. २० रोजी काम सुरू करण्याचा आदेश वॉकीटॉकीवर देऊ नये. आपण स्वतः, अथवा आपण नेमाल त्या अधिकाऱ्याने, भिंतीपलीकडच्या रस्त्यावर तिसऱ्या मजल्याच्या खिडकीसमोर उभे राहून थांबण्याचा इशारा हाताने द्यावा. आडवा हात करावा आणि खिडकीतला मोजा खाली येईपर्यंत तसाच धरावा. हे मी वरून करू शकत नाही. वरून खाली सांगायला आमच्याकडे खूण नाही.

नोटिशीचा खुलासा याप्रमाणे सादर. शिक्षा जी असेल ती मान्य आहे. ती पिशवीतून पाठवावी, दोरी खाली सोडलेली आहे.

आपला नम्र,

(सही)
यारीचालक, यारी क्र. ४
ऊर्फ वरचा

दि. १० फेब्रुवारी, सायंकाळी ५ वा. ३५ मि.

सोबत:
१. संदर्भ ३ च्या पत्राची सत्यप्रत. (मूळ प्रत मजजवळ ठेवली आहे, मागू नये.)
२. पाळीच्या नोंदवहीतील दि. १० नोव्हेंबर ते ४ फेब्रुवारीची पाने, सर्व शून्य.
३. सिग्नलवाल्याचा पांढरा हातमोजा, उजव्या हाताचा, एक नग, धुतलेला. कार्यालयाची मालमत्ता असल्याने परत करीत आहे. डाव्या हाताचा वापरात असल्यामुळे परत करता येत नाही.